टाळी पडेल तेव्हाच ठोसा : एका विनोदी हेरपटाचे संकलन

एकमेकांशी न जमणाऱ्या दोन माणसांची जोडी, त्यांच्या गळ्यात पडलेली हेरगिरीची कामगिरी आणि त्यातून निघणारी हाणामारी नि हशा, असा चित्रपट करायचा म्हटले की सगळीकडून एकच सल्ला येतो : दोन्हींचे प्रमाण सांभाळा. आमच्या निर्मात्यांनीही पटकथेच्या पहिल्या वाचनानंतर हेच सांगितले आणि वहीत 'कॉमेडी' व 'ॲक्शन' असे दोन रकाने पाडून प्रत्येक प्रसंग कुठल्या ना कुठल्या रकान्यात बसवला. संकलक म्हणून मला पटकथेच्या टप्प्यावरच बोलावले होते. मराठीत हे सहसा घडत नाही. बहुतेक वेळा चित्रीकरण संपल्यावर हार्ड डिस्क हातात पडते आणि असेल त्यातून गोष्ट उभी करायची असते. या वेळी मात्र हा चित्रपट फसला तर तो कापताना फसेल, अशी दिग्दर्शकाला आधीपासून धास्ती होती, आणि म्हणून त्या वहीवर त्यांना माझे मत हवे होते. रकाने दोन ठेवले तर चित्रपटही दोन होतात आणि प्रेक्षक एकाचे तिकीट काढून दुसरा सोसत बसतो, हे माझे तेव्हाचे मत होते. एकाच क्षणाला हसवण्याचे आणि दचकवण्याचे अशी दोन्ही कामे लावता आली तरच या जातीचा चित्रपट उभा राहतो, आणि असे क्षण संपूर्ण चित्रपटात मोजकेच सापडले तरी चालते, बाकीचा भार ते पेलतात.

कथा थोडक्यात सांगणे भाग आहे. केंद्र सरकारच्या एका गुप्तवार्ता विभागातला, निवृत्तीला टेकलेला अधिकारी एका यादीच्या मागावर आहे. ती यादी एका नाट्यसंस्थेच्या कपडेपटात, ऐतिहासिक नाटकातल्या अंगरख्याच्या अस्तरात शिवलेली आहे, आणि नाटक दौऱ्यावर निघाले आहे. अधिकाऱ्याला या जगात शिरायला मदत करतो तो नेपथ्य लावणारा बॅकस्टेजचा जुना माणूस. चित्रपटभर त्यांना कुणी पूर्ण नावाने हाक मारत नाही. एक 'साहेब' आणि दुसरा 'बापू'. मराठी माणसाला हेर म्हटले की बहिर्जी नाईक आठवतात आणि बहिर्जी म्हटले की वेषांतर. तेव्हा सोंगे घेऊन पोट भरणाऱ्या माणसांतच हेर आणून सोडायचा, ही लेखकाची कल्पना मला पहिल्या पानापासून आवडली होती. पाश्चात्त्य हेरपटातली उंची हॉटेले आणि महागड्या गाड्या आम्हाला परवडणाऱ्या नव्हत्याच, आणि त्यांची आठवणही होऊ नये इतके हे जग वेगळे होते.

पहिल्या खर्ड्यात मात्र खलनायकाची माणसे बावळट होती. एक तोतरा होता, दुसरा प्रत्येक दारावर आपटत होता, आणि त्या वाक्यांना वाचनाच्या वेळी खोलीत भरपूर हसू आले. माझा आक्षेप एवढाच होता की ज्यांना पाहून हसू येते त्यांच्यापासून पळायचे कशाला, हा प्रश्न प्रेक्षकाच्या मनात आला की पुढच्या प्रत्येक मारामारीतला जीव जातो. यावर बरीच वादावादी झाली. विनोदी नाटकांवर वाढलेल्या लेखकाला ती माणसे सोडवत नव्हती, आणि त्याचेही खरे होते, कारण फार्समध्ये पाठलाग करणारा गाढव असला तरी चालते. तिथे पकडला गेला तर माणसाची अब्रू जाते, जीव जात नाही. आमच्या गोष्टीत जीव जाणार होता. शेवटी खलनायक आणि त्याची माणसे यांच्या तोंडून विनोद पूर्णपणे काढून टाकला, ती थंड, कामसू आणि थोडी कंटाळलेली अशी झाली, आणि विनोदाचा सगळा मामला त्या दोघांच्या नात्यावर आला.

दुसरा बदल त्याहून महत्त्वाचा ठरला. जोडीच्या चित्रपटात एकाला हुशार आणि दुसऱ्याला गबाळा करण्याची सवय इतकी मुरली आहे की ती सवय आहे हेही कुणाच्या लक्षात येत नाही. गबाळा माणूस तासाभराने ओझे होतो. आमचा बापू भित्रा होता, पण अडाणी नव्हता; अंधाऱ्या रंगमंचामागे कुठला फ्लॅट, म्हणजे कॅनव्हास ताणलेली नेपथ्याची चौकट, कुठल्या ब्रेसवर, म्हणजे मागच्या आधाराच्या तिरक्या दांडीवर, टेकला आहे, वजने कुठे ठेवली आहेत, झालरीची दोरी कुठे बांधली आहे, हे तो डोळे मिटून सांगू शकत होता. साहेबांना मारता येत होते, पण नाटकाच्या विंगेत कुठे उभे राहावे हे कळत नव्हते. दोघांना एकमेकांची गरज खरीखुरी असली की भांडणेही खरी होतात आणि संवादात वेगळा विनोद पेरावा लागत नाही.

आता ज्या प्रसंगासाठी हे लिहायला घेतले त्याकडे वळते. सांगलीचा प्रयोग, तिसरा अंक. यादी शिवलेला अंगरखा मुख्य नटाच्या अंगावर आहे आणि तो रंगमंचावर दीर्घ स्वगत म्हणतो आहे. विंगेत साहेब आणि बापू त्याची वाट पाहत उभे आहेत, आणि त्याच विंगेत खलनायकाचा माणूस चाकू घेऊन शिरतो. मारामारी अटळ आहे, पण आवाज करायचा नाही, कारण चालू प्रयोगात व्यत्यय आणणे हे बापूच्या लेखी खुनापेक्षा मोठे पाप आहे. लेखनात हे असेच होते आणि ऐकायला गमतीदार वाटत होते. पण चाकूवाल्याने गप्प का राहावे याचे उत्तर पटकथेत नव्हते. तेवढ्या एका उणिवेने सगळा डोलारा पोकळ होता. लेखकाने मग प्रेक्षागृहात पहिल्या रांगेत एक मंत्री आणून बसवला आणि दारादारांत पोलिसांचा बंदोबस्त ठेवला. आता आवाज झाला तर चाकूवालाही अडकणार होता, आणि स्वतःची ओळख उघड करायची परवानगी नसल्यामुळे साहेबही. तिघांनाही शांतता हवी, तिघांची कारणे वेगळी, आणि पलीकडे पंधरा फुटांवर प्रकाशात एक माणूस छाती काढून बोलतो आहे. धोका तर्काने घट्ट बसवल्यावर विनोद आपोआप उभा राहिला, त्याला एकही नवे वाक्य लिहावे लागले नाही.

त्या प्रसंगाची किल्ली अशी होती की बापूला नाटक पाठ आहे. टाळी कुठे पडणार, हशा कुठे येणार, ब्लॅकआउट कधी, हे त्याला माहीत आहे, आणि आवाज व्हायचाच असेल तर तो टाळीच्या कडकडाटातच झाला पाहिजे. म्हणून साहेब चाकूवाल्याचे मनगट धरून उभे आहेत, बापू बोटांनी तीन, दोन, एक असे मोजतो, रंगमंचावर वाक्य संपते, टाळी पडते आणि ठोसा बसतो. टाळी ओसरली की तिघेही पुन्हा पुतळे. पुढचा ठोसा नाटकातल्या हुजऱ्याच्या एका विनोदी वाक्यावरच्या हशाला बसायचा आहे. साहेबांची मूठ उगारलेली, चाकूवाला दुसऱ्या हाताने वार करायच्या तयारीत, बापू मोजतो, हुजऱ्या वाक्य म्हणतो, आणि प्रेक्षागृहात कुणीही हसत नाही. प्रयोगागणिक हशा बदलतो, हे नाटकवाल्यांना सांगायला नको. काल घर डोक्यावर घेतलेल्या वाक्याला आज कुणी खोकतही नाही. मूठ हवेत राहते, चाकूही हवेत राहतो, आणि बापूच्या चेहऱ्यावर जिवाच्या भीतीच्या जोडीला त्या नटाविषयीचा संताप दिसतो.

चित्रीकरणाच्या आधी फाइट मास्टरने हे सगळे तालमीच्या हॉलमध्ये गाद्या टाकून बसवले आणि मोबाइलवर चित्रित करून आम्हाला पाठवले. ते चित्रण मी ओबडधोबड जोडून पाहिले आणि एक गोष्ट ताबडतोब ध्यानात आली, की मारणाऱ्याकडे पाहून हसू येतच नाही. हसू येते ते मार खाऊन आवाज गिळणाऱ्याकडे पाहून. त्यामुळे चाकूवाल्याच्या भूमिकेसाठी नुसता चपळ फायटर पुरणार नव्हता, ठोसा खाऊन ओरडणे आवरताना डोळे कसे होतात हे ज्याला दाखवता येईल असा माणूस हवा होता. फाइट मास्टरने आपल्याच चमूतला एक वयस्क फायटर आणला. त्याचे पडणे पाहण्यासारखे होते, पण त्याहून पाहण्यासारखे होते ते त्याचे न पडणे, म्हणजे कोसळता कोसळता फ्लॅटला धरून स्वतःला हलकेच खाली सोडणे, फ्लॅट हलू नये म्हणून. खलनायकाची माणसे विनोदी नकोत असे ठरवले होते, आणि हा माणूस विनोदी नव्हताच. तो अत्यंत गंभीरपणे, व्यवसायाच्या निष्ठेने जीव घ्यायचा प्रयत्न करत होता आणि नाटकात व्यत्यय येऊ देत नव्हता.

संकलनाच्या टेबलावर हा प्रसंग आला तेव्हा खरी गाठ पडली, कारण हाणामारी आणि हशा यांना कापणीची उलट तऱ्हा लागते. मारामारीत डोळ्याला हालचालीबरोबर न्यावे लागते. कट हालचालीवर बसवायचा, ठोसा निघताना एक कोन आणि लागताना जवळचा दुसरा. हाँगकाँगच्या जुन्या चित्रपटांत यासाठी एक युक्ती वापरलेली दिसते : ठोशाच्या पहिल्या शॉटमधल्या शेवटच्या दोनतीन फ्रेम्सची हालचाल पुढच्या शॉटच्या सुरुवातीला पुन्हा येते. सेकंदाला २४ फ्रेम्सच्या ओघात ती पुनरावृत्ती डोळ्याला कळत नाही, पण आघात मात्र पक्का लागतो. तीच हालचाल तंतोतंत जोडली तर कित्येकदा ठोसा पोकळ वाटतो. टाळीवरच्या ठोशाला मी हेच केले. विनोदाला मात्र कट सहन होत नाही. कट म्हणजे 'इकडे पाहा' अशी आज्ञा, आणि हसायला प्रेक्षकाने स्वतः शोधून काढावे लागते. मूठ हवेत राहण्याच्या क्षणाला दिग्दर्शकाने तिघांचे जवळचे चेहरे घेतले होते आणि ते तिन्ही उत्तम होते. ते क्रमाने जोडले तेव्हा विनोद समजला, पण हसू आले नाही. जणू कुणी बाजूला बसून समजावून सांगत होते. म्हणून तिन्ही चेहरे बाजूला ठेवून मी लांबच्या शॉटवर थांबले : पुढे अंधारात तिघे आकार, मागे दोन विंगांच्या फटीतून दिसणारा प्रकाशातला हुजऱ्या, जो हशा न आल्यामुळे स्वतःही घुटमळला आहे.

या बाबतीत मूकपटांच्या काळातले लोक आपल्या पुढे होते असे मला नेहमी वाटते. विनोदी नट बस्टर कीटनने १९२८ साली पडद्यावर घराची अख्खी दर्शनी भिंत स्वतःच्या अंगावर पाडून घेतली आणि वरच्या मजल्यावरची उघडी खिडकी बरोबर त्याच्यावरून गेल्यामुळे तो उभाच राहिला. ते घडते एकाच शॉटमध्ये, पुरेशा अंतरावरून. जवळचे तुकडे जोडून ते केले असते तर ना श्वास रोखला गेला असता, ना हसू आले असते, कारण ती भिंत खरी आहे आणि माणूस खरा आहे हे पटणे दोन्हीसाठी तितकेच आवश्यक आहे. आमच्या नटांकडून कुणी असली जिवावरची कसरत मागितली नव्हती आणि मागूही नये. पण धोका आणि माणूस एकाच चौकटीत दिसले पाहिजेत, एवढा धडा त्यातून सरळ घेता येतो.

त्याच प्रसंगात पुढे ब्लॅकआउट येतो. नेपथ्य बदलायला जो थोडा वेळ अंधार होतो त्यात मंचावरची माणसे ठेचकाळू नयेत म्हणून फ्लॅटच्या कडांना आणि पायऱ्यांना अंधारात चमकणाऱ्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात, ज्यांना बॅकस्टेजवर सगळे 'रेडियम' म्हणतात. अंधार व्हायच्या क्षणी बापू एक पट्टी सोलून चाकूवाल्याच्या पाठीवर थापटतो, आणि अंधारात पडद्यावर फक्त एक हिरवट रेघ इकडेतिकडे फिरताना दिसते. साहेबांना शत्रू दिसतो, शत्रूला काहीच दिसत नाही. हे मला संपूर्ण पटकथेतले सर्वांत नेमके सुचणे वाटते, कारण ती पट्टी एकाच वेळी शस्त्र आहे, बापूच्या कसबाची खूण आहे आणि पाहताना हसू आणणारी आहे. संकलनात तिथे करण्यासारखे फारसे नव्हते. रेघ किती वेळ फिरवायची आणि कुठल्या क्षणी ती आडवी करायची, एवढेच ठरवायचे होते.

प्रत्येक ठिकाणी असे जमले नाही. आंबोली घाटातला पाठलाग हा खर्चाच्या दृष्टीने सर्वांत मोठा आणि कापताना सर्वांत हट्टी प्रसंग निघाला. नेपथ्याच्या ट्रकमध्ये दोघे भांडत आहेत आणि मागे गाडी लागली आहे. ट्रकच्या केबिनमधला विनोद आणि रस्त्यावरचा धोका हे दोन वेगळ्या शॉटमध्ये राहतात, आणि आतून बाहेर, बाहेरून आत असे कापत राहिले की दोन्ही थंड पडतात. पुष्कळ संवाद इंजिनाच्या आवाजाखाली जात होते ते वेगळेच. बरेच विनोद काढून टाकले, समोरच्या काचेतून घेतलेला एक लांब शॉट, ज्यात मागच्या काचेत पाठलाग करणारी गाडी दिसत राहते, तेवढा पुरा ठेवला, आणि पाठलाग निम्म्याहून लहान केला.

मध्यंतराच्या अलीकडे नाटकाच्या प्रकाशयोजनेवर काम करणारा एक तरुण मारला जातो. बापूने त्याला हाताखाली घेऊन शिकवलेले असते. या मृत्यूनंतर विनोद परत कसा आणायचा, हा आमच्यापुढचा सर्वांत नाजूक प्रश्न होता. पटकथेत पुढच्याच प्रसंगात, रुग्णालयाच्या आवारात, बापूच्या तोंडी एक चांगले वाक्य होते आणि वाचनात सगळ्यांना आवडले होते. पडद्यावर ते ऐकताना अंगावर आले. लेखकाचे म्हणणे होते की माणसे दुःखातही असे बोलतात, आणि बोलतात हे खरेच आहे; पण बोलणाऱ्याला ते बोलणे परवडते की नाही हे आधी दिसावे लागते. ते वाक्य गेले. त्याऐवजी, मुळात पुढे कुठेतरी असलेले ट्रक भरण्याचे दृश्य अलीकडे आणले. रात्रीचा प्रयोग संपला आहे, फ्लॅट्स उतरवले जात आहेत, कुणी बोलत नाही, प्रत्येक जण रोजचे ओझे उचलतो आणि त्या मुलाचे काम करायला कुणी नसल्यामुळे स्पॉटलाइटच्या तारा साहेब गुंडाळतात, आणि चुकीच्या गुंडाळतात. बापू काही न बोलता त्या उलगडतो आणि पुन्हा गुंडाळून दाखवतो. इथे प्रेक्षकांत हसू येते, अगदी थोडे, आणि पात्रांपैकी कुणीही हसत नाही. त्यानंतर चित्रपटात विनोद करायची मुभा पुन्हा मिळाली.

कच्चे संकलन तयार झाल्यावर एका लहानशा प्रिव्ह्यू थिएटरमध्ये चित्रपटाशी संबंध नसलेल्या लोकांना ते दाखवले. अशा वेळी मी पडद्याकडे पाहत नाही. बाजूच्या भिंतीशी बसून लोकांच्या खांद्यांकडे पाहते, कारण खुर्चीत पुढे सरकणे आणि मागे टेकणे हे तोंडी अभिप्रायापेक्षा विश्वासू असते. शिवाय एका रेकॉर्डरवर सभागृहाचा आवाज टिपला आणि दुसऱ्या दिवशी तो संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्राखाली एक वेगळा ट्रॅक म्हणून लावला. ही काही नवी कल्पना नाही. मार्क्स बंधू या अमेरिकी विनोदी नटांनी १९३५ सालच्या आपल्या एका चित्रपटासाठी निवडक प्रसंग चित्रीकरणापूर्वी रंगमंचावर गावोगाव करून पाहिले होते आणि हशा किती वेळ टिकतो याचा अंदाज घेऊनच ते पडद्यावर आणले होते. व्यावसायिक नाटकातला नट हशा ओसरेपर्यंत थांबतो आणि मग पुढचे वाक्य टाकतो. पडद्यावरच्या नटाला थांबता येत नाही, त्याच्या वतीने संकलकाला थांबावे लागते.

त्या ट्रॅकने दाखवलेली सर्वांत मोठी अडचण विनोदाची नव्हतीच, हेरकथेची होती. अंगरखा हाती लागल्यावर बापू अस्तर उसवतो, यादी सापडत नाही, दोघांत एक झणझणीत खटका उडतो आणि त्या ओघात साहेब म्हणतात की यादी अस्तरात नसून आता दुसऱ्या नटाच्या शेल्यात आहे. सभागृह खटक्यावर हसत होते आणि हे वाक्य त्या हशात पूर्ण बुडत होते. पुढची वीस मिनिटे लोक कुठल्या शेल्याच्या मागे हे दोघे धावत आहेत हे न कळता पाहत राहिले. हेरकथेत कुणाजवळ काय आहे आणि कुणाला काय ठाऊक आहे हे प्रेक्षकाला प्रत्येक क्षणी स्पष्ट हवे. ते धूसर झाले की मारामारी नुसती धांदल होते. म्हणून शेल्याचे वाक्य खटक्याच्या आधी नेले, साहेबांच्या पाठमोऱ्या शॉटवर ते नव्याने डब करून बसवले, आणि तेव्हापासून पूर्ण चित्रपटात माहिती आधी व हशा नंतर हा क्रम तपासत गेले.

ध्वनीच्या टप्प्यावर पुन्हा थोडी लढाई झाली. आपल्याकडे विनोद झाला की मागून 'टुइंग' वाजवायची किंवा क्लॅरिनेटची खोडकर फिरकी टाकायची रीत आहे, आणि तात्पुरत्या पार्श्वसंगीतात तसे तुकडे येऊनही पडले होते. संगीतकाराशी बोलून असे ठरले की संगीत नेहमी धोक्याच्या बाजूने राहील, विनोदाच्या बाजूने कधीच नाही. विंगेतल्या प्रसंगाला तर पार्श्वसंगीतच ठेवले नाही. रंगमंचावरचे स्वगत आणि प्रेक्षागृह हेच त्याचे संगीत. फोली कलाकाराने, म्हणजे पावले, कापड, ठोसे असे आवाज स्टुडिओत वेगळे करून देणाऱ्याने, त्यासाठी केलेले काम जवळून पाहण्यासारखे होते. एरवी चित्रपटातला ठोसा चामडे बडवून फुगवलेला असतो. इथे त्याला उलट करायचे होते, दाबलेला श्वास, अंगरख्याच्या कापडाची सळसळ, लाकडी फळीवर टाच हळूच टेकणे, बोटे फ्लॅटच्या कॅनव्हासवरून घसरणे. टाळीच्या कडकडाटात ठोसा किती ऐकू यावा यावर मिक्सिंगला बराच वेळ गेला. पूर्ण झाकला तर मार लागत नाही, स्पष्ट ऐकू आला तर पोलिसांनाही ऐकू यायला हवा. अखेर टाळी क्षणभर आधी सुरू होते, ठोसा तिच्या पोटात बसतो आणि आपल्याला त्याचा फक्त खालचा, जाड स्वर जाणवतो, अशी मांडणी झाली.

सेन्सॉरच्या कामात फार सांगण्यासारखे नाही. २०२४ च्या नव्या नियमांनी यूए, म्हणजे मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहायच्या चित्रपटांच्या, प्रमाणपत्राचे ७, १३ आणि १६ वर्षांवरील असे तीन वयोगट झाले आहेत, आणि आमचा अंदाज मधल्या गटाचा होता, तोच मिळाला. तरुणाच्या मृत्यूतला जखमेचा एक जवळचा शॉट मी आधीच काढला होता, वयोगटासाठी नव्हे, तर तो राहिला असता तर ट्रक भरतानाच्या दृश्यात कुणालाही हसू आले नसते म्हणून.

ओटीटीसाठी प्रत देताना एक निराळा प्रश्न आला. भरल्या थिएटरसाठी हशाला सोडलेल्या जागा घरी एकट्याने पाहणाऱ्याला रिकाम्या वाटतात. नट वाक्य टाकून उगाच थांबल्यासारखा दिसतो. दिग्दर्शक आणि मी लॅपटॉपवर, हेडफोन लावून, चित्रपट पुन्हा पाहिला आणि जिथे जिथे कंटाळा डोकावला तिथे खूण केली. खुणा जवळजवळ सगळ्या निव्वळ संवादातल्या विनोदांपुढे पडल्या, म्हणजे जिथे वाक्यानंतरच्या त्या सेकंदात हशाशिवाय दुसरे काही घडत नव्हते. त्या जागा आखडल्या. विंगेतला हवेत थांबलेल्या मुठीचा शॉट सर्वांत लांब असूनही त्याच्यापुढे खूण पडली नाही. त्या थांबण्यात चाकू होता, आणि कुणी हसो वा न हसो, चाकूकडे पाहत राहावेच लागते. त्या प्रसंगाची एकही फ्रेम हलवली नाही. फक्त मोबाइलच्या स्पीकरवर ठोशाचा खालचा स्वर पोचत नाही म्हणून स्टीरिओ मिक्समध्ये तो थोडा वर घेतला आणि टाळी तेवढीच खाली आणली.